एकाच छापखान्यातले दोन न्याय : एमा पॅटर्सन आणि लंडनच्या मुद्रणकामगार स्त्रिया (१८७४–१८८६)

१८८६ साली लंडनमध्ये ब्रिटनमधल्या जुळाऱ्यांच्या, म्हणजे छपाईसाठी धातूचे खिळे (अक्षरे) जुळवणाऱ्या कारागिरांच्या, संघटनांची परिषद भरली होती. स्त्रियांच्या प्रश्नावर तिथे झालेल्या ठरावाचा आशय असा : जुळाऱ्याचे काम पेलण्याची शारीरिक कुवत स्त्रियांत नाही, असे परिषदेचे ठाम मत आहे, तरीसुद्धा त्यांना पुरुष कारागिरांच्याच अटींवर संघटनांत घ्यावे, मात्र त्यांना ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे काटेकोर मजुरी मिळत असली पाहिजे. वरवर पाहता हा मोठाच विजय वाटतो. समान कामाला समान दाम, तेही १८८६ मध्ये, आणि तेही पुरुषांच्या संघटनांच्या तोंडून! प्रत्यक्षात लंडनच्या जुळाऱ्यांच्या संस्थेत पहिली स्त्री दाखल व्हायला १८९२ उजाडावे लागले, आणि तीही एकटीच.

त्याच १८८६ सालच्या १ डिसेंबरला एमा पॅटर्सन मधुमेहाने वारल्या. वय अवघे ३८. मागची बारा वर्षे त्या लंडनमध्ये कामकरी स्त्रियांच्या संघटना बांधत होत्या आणि सुरुवात त्यांनी मुद्रण व्यवसायातूनच केली होती. पुस्तकबांधणीतल्या बायकांची संघटना त्यांनी काही आठवड्यांत उभी केली, त्या धंद्यातल्या पुरुषांच्या संघटनेच्या मदतीने. खिळे जुळवण्याच्या खोलीत मात्र बारा वर्षांत त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. शहर एक, धंदा एक, कार्यकर्ती एक, काळही एकच. मग निकाल इतका वेगळा का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. पुरुषांची मने संकुचित होती असे म्हणून तो झटकता येत नाही, कारण बांधणीखात्यातले पुरुषही त्याच लंडनचे होते.

घडी, शिवण आणि एक जुना तंटा

छापून झालेले पुस्तक हे अजून पुस्तक नसते, मोठाल्या तावांचा ढीग असतो. त्या तावांच्या घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, फर्मे (घड्या घातलेले ताव) क्रमाने लावायचे, एखादा फर्मा चुकला-सुटला नाही ना ते पाहायचे आणि मग दोऱ्याने शिवायचे. आपल्याकडचे जुने बाइंडर जिला जुजबंदी म्हणतात, ती ही शिवण. व्हिक्टोरियन लंडनमध्ये हे काम बायकांचे होते. शिवलेला गठ्ठा पुढे पुरुषांकडे जाई. पाठीला गोलाई देणे, पुठ्ठे चढवणे, कातडे मढवणे, सोनेरी अक्षरे उमटवणे ही त्यांची कामे. ही वाटणी कोणत्या कायद्यात लिहिलेली नव्हती. वहिवाटच होती, पण इतकी घट्ट की बायका कातड्याला हात लावत नसत आणि पुरुष सुई उचलत नसत.

मजुरीत अर्थातच जमीन-अस्मानाचे अंतर होते. सात वर्षे उमेदवारी केलेला पुरुष कारागीर मानला जाई. घडी-शिवणीची बाई कितीही तरबेज असली तरी तिची गणना अकुशल मजुरांत. शिवाय काम हंगामी. नाताळाच्या आधी पुस्तकांचा लोंढा येई तेव्हा दिवस पुरत नसे, आणि तो ओसरला की घरी बसावे लागे.

या बायकांची बाजू घेऊन पुरुषांच्या संघटनेने उघड लढा दिल्याचे एक उदाहरण १८४९ चे आहे, म्हणजे पॅटर्सनबाई जेमतेम वर्षाच्या होत्या तेव्हाचे. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी ही धर्मग्रंथ स्वस्तात स्वस्त विकणारी संस्था. (मराठी बायबलच्या प्रसारालाही तिने हातभार लावला होता.) तिची बायबले वॉटकिन्स या बाईंच्या कारखान्यात बांधली जात. तिथल्या घडी-शिवणीच्या बायकांच्या दरांवरून तंटा पेटला. मेरी झग नावाची कामगार स्त्री पुढे झाली आणि पुरुष बाइंडरांच्या लंडन संघटनेचे सचिव टी. जे. डनिंग तिच्या पाठीशी उभे राहिले. स्वस्त बायबलाचा भार शिवणाऱ्या बाईच्या मजुरीवर पडतो, हा मुद्दा डनिंग यांनी सोसायटीच्या वर्गणीदारांपुढे छापील पत्रकांतून मांडला. हे डनिंग म्हणजे साधा कारकुनी सचिव नव्हे. कामगार संघटना आणि संप यांवर त्यांनी १८६० मध्ये लिहिलेले पुस्तक मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात उद्धृत केले आहे.

त्या तंट्यातून बायकांची टिकाऊ संघटना मात्र उभी राहिली नाही. तंटा मिटला आणि एकजूटही पांगली. पुढची पंचवीस वर्षे पुरुष बाइंडर मधूनमधून मदत करत राहिले, पण बायकांना स्वतःच्या संघटनेचे सभासद त्यांनी केले नाही. मदतीची ही तयारी आणि सभासदत्वाला हा नकार, दोन्ही ध्यानात ठेवायला हवेत.

शाळामास्तरांची मुलगी

एमा अॅन स्मिथ यांचा जन्म ५ एप्रिल १८४८ चा, लंडनचा. वडील हेन्री स्मिथ शाळेचे मुख्याध्यापक. १८६४ मध्ये ते गेले आणि सोळा वर्षांच्या मुलीवर व आईवर पोटापाण्याचा प्रश्न कोसळला. एमा यांनी काही काळ पुस्तकबांधणीचे काम शिकून घेतले होते. पण त्यांचे खरे शिक्षण झाले ते कचेरीत. १८६७ मध्ये त्या वर्किंग मेन्स क्लब अँड इन्स्टिट्यूट युनियन या कामगारांच्या क्लबांच्या संघाच्या सहायक सचिव झाल्या. सभा बोलावणे, वर्गण्या गोळा करणे, कार्यवृत्त लिहिणे, रुसलेल्या माणसांना परत आणणे, हे सगळे त्यांनी एकोणिसाव्या वर्षापासून हाताखालून घातले. संघटना चालवणे म्हणजे नव्वद टक्के हेच असते. पुढे थोडा काळ स्त्री-मताधिकाराच्या संस्थेच्या सचिव म्हणूनही त्यांनी काम केले.

१८७३ मध्ये त्यांनी थॉमस पॅटर्सन या सुतारकाम करणाऱ्या स्कॉटिश कारागिराशी लग्न केले. लाकडी सामान घडवणारा हा माणूस तत्त्वज्ञान वाचणारा होता आणि कामगारांच्या चळवळीत वावरलेला होता. लग्नानंतर दोघे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये छत्र्या बनवणाऱ्या बायकांनी आपली संघटना स्वतः चालवलेली एमा यांनी पाहिली, आणि लंडनला परतताना तोच विचार डोक्यात घेऊन आल्या.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये खिळे जुळवणाऱ्या बायकांचीही एक संघटना होती. ऑगस्टा लुइस यांनी ती १८६८ मध्ये काढली आणि १८६९ मध्ये अमेरिकेतल्या मुद्रककामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला रीतसर मान्यता दिली. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, लुइस यांनी संघटनेला दिलेला अहवाल कडवट आहे. पुरुषांच्या संपात आम्ही कमी दराने काम करायला नकार दिला; पण संघटनेमुळे आम्हाला अशी एकही नोकरी मिळाली नाही जी संघटनेचे नाव न ऐकताही मिळाली नसती, असे त्यात म्हटले आहे. पुढे लंडनमध्ये जे घडले त्याचा हा आगाऊ नकाशाच होता. १८७८ पर्यंत ती संघटना संपलीसुद्धा.

जुलै १८७४

एप्रिल १८७४ मध्ये ‘लेबर न्यूज’ या पत्रात एमा पॅटर्सन यांचा लेख आला. स्त्रियांची मजुरी कमी आहे कारण त्या एकेकट्या आहेत. पुरुषांनी संघटना करून जे मिळवले ते त्यांनाही मिळवता येईल, असा त्याचा रोख होता. जुलैमध्ये सभा झाली. अध्यक्षस्थानी हॉजसन प्रॅट, म्हणजे क्लब युनियनमधले जुने सहकारी. तिथे विमेन्स प्रोटेक्टिव्ह अँड प्रॉव्हिडंट लीग स्थापन झाली. नावात ‘युनियन’ हा शब्द जाणूनबुजून टाळलेला होता. भांडवलदार घरच्या बायका आणि धर्मगुरू वर्गणी देणार होते, आणि त्या शब्दाला ते बिचकत. संप हे लीगचे हत्यार असणार नाही, हेही आरंभापासून स्पष्ट होते. १८७६ मध्ये लीगने मासिक काढले तेव्हा मात्र त्याचे नाव ‘विमेन्स युनियन जर्नल’ ठेवले. वर्गणीदार तोवर सरावले असावेत.

पहिली संघटना कोणत्या धंद्यात काढायची, याचा निर्णय पॅटर्सनबाईंनी फार नेमका घेतला. सप्टेंबर १८७४ मध्ये पुस्तकबांधणीत काम करणाऱ्या स्त्रियांची सोसायटी निघाली. धंदा त्यांच्या थोडा परिचयाचा होता, पण तेवढेच कारण नव्हते. बायका मोठ्या कारखान्यांत एकत्र बसत, घरोघर विखुरलेल्या नव्हत्या. काम हाताच्या कौशल्याचे होते, म्हणजे उद्या सकाळी रस्त्यावरून कोणालाही आणून बसवता येत नव्हते. आणि पुरुष बाइंडरांची संघटना पाठिंब्याला तयार होती. डनिंग आदल्याच वर्षी वारले होते, पण त्यांच्या संघटनेने परंपरा राखली आणि तिचे सचिव पॅटर्सनबाईंच्या बाजूने बोलले.

सोसायटी चालली. आजारपणात आणि बेकारीत मदत, नोकरीची खबर देणारी नोंदवही, आठवड्याची छोटी वर्गणी. संप नाही, मोर्चे नाहीत. पुढच्या काळात लीगने तीसेक संघटना काढल्या. गाद्यागिरद्यांचे काम करणाऱ्या बायका, शिंपिणी, कॉलर आणि शर्ट शिवणाऱ्या बायका. त्यांतल्या बहुतेक दोन-चार वर्षांत मावळल्या. बाइंडर बायकांची सोसायटी मात्र विसाव्या शतकापर्यंत टिकली. लहानच राहिली, पण टिकली.

लीगचे बाकीचे उद्योग वाचताना आज हसू येते, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. अर्ध्या पेनीपासून बचत करता येईल अशी बँक, वाचनालय, पोहण्याचा क्लब. दिवसभर वाकून सुई चालवणाऱ्या मुलीला संध्याकाळी जायला जागा कुठे होती? पुरुषांच्या संघटना दारूच्या गुत्त्याच्या वरच्या खोलीत भरत, आणि तिथे बाईने जायचे म्हणजे बोभाटा. संघटनेला आधी छप्पर लागते हे पॅटर्सनबाईंना क्लब युनियनच्या अनुभवातून कळलेले होते.

खिळ्यांची खोली

खिळे जुळवणाऱ्यांचे जग वेगळे होते. लंडन सोसायटी ऑफ कंपॉझिटर्स १८४८ मध्ये उभी राहिली, तर इंग्लंडमधल्या इतर शहरांच्या जुळाऱ्यांची संघटना १८४९ मध्ये शेफील्डला. प्रत्येक छापखान्यातल्या कामगारांच्या गटाला ‘चॅपल’ म्हणत आणि त्याच्या म्होरक्याला ‘चॅपलचा फादर’. मालकाशी बोलणार तो, दंड ठोठावणार तो, नव्या माणसाचे कागद पाहणार तोच. जुळारी लिहिते-वाचते, कामगारांतले उच्चवर्णीय म्हणावेत असे. त्यांची ताकद एका गोष्टीत होती : खोलीत कोण येणार हे ते ठरवत. सात वर्षांची उमेदवारी आणि एका छापखान्यात किती उमेदवार असावेत याची मर्यादा, या दोन कुलपांवर सगळे दरपत्रक उभे होते.

काम शारीरिकदृष्ट्या बायकांना झेपणारे नव्हते का? केस म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी. तिच्या घराघरांतून खिळा उचलायचा, स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) लावायचा, ओळ भरली की जागा समान करायची, स्टिक भरली की गॅली नावाच्या तबकावर उतरवायची. छपाई झाली की मजकूर सोडून प्रत्येक खिळा परत त्याच्या घरात टाकायचा. नजर, बोटे आणि शुद्धलेखन या तिन्हींची कसोटी. जड काम एकच, आवळलेला फर्मा, म्हणजे इथे चौकटीत घट्ट बसवलेला खिळ्यांचा मजकूर, उचलून यंत्रावर नेणे. तेवढ्यासाठी एक माणूस ठेवता येतो, आणि एमिली फेथफुल यांनी १८६० मध्ये लंडनच्या ग्रेट कोरम स्ट्रीटवर काढलेल्या व्हिक्टोरिया प्रेसमध्ये तसा ठेवलाही होता. तिथे बायकांना बसायला स्टुले दिली होती, कारण दिवसभर उभे राहणे हा कामाचा भाग नसून निव्वळ सवय होती. विरोध कसा झाला, याची हकिगत फेथफुल यांनीच सांगितली आहे : कपडे खराब व्हावेत म्हणून चौकटींना आणि स्टुलांना शाई फासलेली, केसमधले खिळे एकमेकांत मिसळून टाकलेले. खिळे मिसळलेली केस नीट लावायला किती वेळ जातो हे ज्याने लेटरप्रेसवर काम केले आहे त्यालाच कळेल.

पण पुरुषांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही. १८७२ च्या अखेरीस एडिनबरोच्या जुळाऱ्यांनी कामाचे तास कमी करण्यासाठी संप केला. मालकांनी मुलींना शिकवून केसवर बसवले. संप हरला आणि मुली राहिल्या, पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास मजुरीवर. ही गोष्ट लंडनच्या प्रत्येक चॅपलमध्ये ठाऊक होती. तेव्हा १८७४ मध्ये कुणी बाई स्त्रियांच्या संघटनेची भाषा करू लागली की जुळाऱ्याच्या डोळ्यांपुढे एडिनबरो उभे राही.

पॅटर्सनबाईंनी या किल्ल्याला थेट धडक दिली नाही. त्या स्वतः खिळे जुळवायला शिकल्या आणि १८७६ मध्ये विमेन्स प्रिंटिंग सोसायटी हा सहकारी तत्त्वावरचा छापखाना स्थापन झाला. बायकांना रीतसर उमेदवारीने काम शिकवायचे, भागभांडवल त्यांना घेता येईल असे ठेवायचे, आणि लीगचे मासिक इथेच छापायचे. जे शिक्षण चॅपलच्या दाराआड कोंडलेले आहे ते बाहेर देऊन दाखवायचे, असा हा बेत.

छापखाना चालला, पॅटर्सनबाई गेल्यानंतरही बरीच वर्षे. मताधिकाराच्या चळवळीचे बरेच छापील साहित्य तिथून निघाले. पण संघटना बांधण्याच्या दृष्टीने पाहिले तर तो एक बेट होऊन राहिला. तिथे शिकलेल्या मुलीला बाहेर संघटित छापखान्यात जागा नव्हती. शहरातल्या बिगरसंघटित छापखान्यांत जागा होती, पण कमी दराने. म्हणजे बाईने बेट सोडले की ती आपोआप दर पाडणारी ठरे, आणि मग पुरुष म्हणायला मोकळे की बघा, आम्ही सांगत नव्हतो? १८७० च्या दशकाअखेर लंडनच्या जुळाऱ्यांच्या संस्थेने आपल्या सभासदांना बजावले, की बायकांनी जुळवलेले काम पुरे करायचे नाही, त्याला कसलीही मदत करायची नाही.

काँग्रेसमध्ये दोन बायका

ऑक्टोबर १८७५ मध्ये ग्लासगोला भरलेल्या ट्रेड्स युनियन काँग्रेसमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या परिषदेत, एमा पॅटर्सन आणि एडिथ सिमकॉक्स या पहिल्या स्त्री-प्रतिनिधी होत्या. त्यानंतर पॅटर्सनबाई वर्षानुवर्षे तिथे जात राहिल्या आणि वर्षानुवर्षे एका मुद्द्यावर अल्पमतात राहिल्या. तो मुद्दा कारखाना कायद्याचा.

१८६७ च्या कायद्याने छापखाने आणि बांधणीखाती कारखाना कायद्याखाली आली होती. स्त्रियांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आणि रात्रपाळीला बंदी. प्रौढ पुरुषांवर असे बंधन नव्हते. काँग्रेसचे पुढारी हे निर्बंध आणखी वाढवायला निघाले होते. पॅटर्सनबाईंचे म्हणणे असे : केवळ स्त्रियांना लागू होणारा निर्बंध स्त्रीला महाग करतो आणि मालक तिला घेतच नाही, कायदा तिला मुलांच्या पंगतीला बसवतो, तास कमी करायचे असतील तर ते संघटनेने करावेत. १८७७ च्या लेस्टरच्या काँग्रेसमध्ये स्त्री-प्रतिनिधींच्या विरोधाला उत्तर देताना काँग्रेसचे पुढारी हेन्री ब्रॉडहर्स्ट यांनी मनातले बोलून टाकले. बायकांना जगातल्या बलदंड पुरुषांशी रोजीसाठी स्पर्धा करायला ओढून न आणता त्यांची खरी जागा असलेल्या घरात त्या राहतील अशी परिस्थिती आणणे हे पुरुष आणि पती म्हणून आपले कर्तव्य आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. कायद्यामागचा दयेचा सूर किती पातळ होता ते यावरून कळते.

या वादात पॅटर्सनबाई बरोबर होत्या का? मला वाटते, खिळ्यांच्या खोलीपुरत्या बरोबर, आणि बांधणीखात्यापुरत्या चूक. दैनिकांचे खिळे रात्री जुळत, आणि सर्वांत चांगली मजुरी दैनिकांतच होती. रात्रपाळीच्या बंदीने ते दार बायकांना कायद्यानेच बंद केले होते. उलट बांधणीखात्यात सगळ्याच बायका असल्यामुळे मालक निर्बंध टाळण्यासाठी पुरुष आणून सुईवर बसवणार नव्हता. तिथे कायद्याने मजुरीचे फार नुकसान न होता दिवस आखूड झाला. आणि संघटनेने तास कमी करावेत हे तत्त्व कितीही स्वाभिमानी असले, तरी संप न करणारी, काहीशे सभासदांची सोसायटी ते करणार कशी, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या पश्चात लीगची सूत्रे एमिलिया डिल्क यांच्याकडे गेली आणि लीगने कायद्याबाबतची भूमिका बदलली.

एका बाबतीत मात्र काँग्रेसला त्यांनी आपल्या बाजूने वळवले. कारखाना-निरीक्षक हवेत तर त्यांत स्त्रियाही हव्यात, ही मागणी त्यांनी १८७८ पासून लावून धरली आणि काँग्रेसकडून मान्य करून घेतली. नेमणुका झाल्या १८९३ मध्ये. पहिल्या दोघींपैकी मे एब्रहॅम लीगच्या कार्यकर्त्या होत्या. दुसऱ्या मेरी पॅटर्सन, पण आडनाव एक असले तरी नाते नव्हे.

समान दाम कुणासाठी?

आता पुन्हा १८८६ च्या ठरावाकडे. दरपत्रकाप्रमाणे पूर्ण मजुरी मिळणारी बाईच संघटनेत येऊ शकते, असे ठरले. पूर्ण मजुरी कोण देणार? मालक बाईला ठेवतो तो ती स्वस्त पडते म्हणून. दर सारखेच द्यायचे तर तो सात वर्षे उमेदवारी केलेला पुरुष घेईल, जो रात्री काम करू शकतो, फर्मा उचलू शकतो आणि लग्न करून सोडून जाणार नाही. बाईला ती उमेदवारी मिळायची वाट नाही, कारण उमेदवार किती आणि कोण घ्यायचे यावर चॅपलची नजर. थोडक्यात, पूर्ण दर मिळाल्याशिवाय संघटना नाही, संघटित छापखान्यात शिकल्याशिवाय पूर्ण दर नाही, आणि संघटनेवाचून संघटित छापखान्यात प्रवेश नाही. ठराव लिहिणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे मानायला मन तयार होत नाही. ‘शारीरिक कुवत नाही’ हे शब्द त्याच ठरावात आहेत.

तरी याच तत्त्वाला निव्वळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. क्लेमेंटिना ब्लॅक पॅटर्सनबाईंच्या नंतर लीगच्या सचिव झाल्या. त्यांनी १८८८ मध्ये ब्रॅडफर्डच्या काँग्रेसमध्ये मांडलेला ठराव मंजूर झाला : जिथे स्त्रिया पुरुषांइतकेच काम करतात तिथे त्यांना तितकीच मजुरी मिळणे दोघांच्याही हिताचे आहे. शब्द जवळपास तेच. एकाच्या हातात ते प्रवेशाची अट होते, दुसरीच्या हातात मागणी.

बांधणीखात्यात हा पेच आलाच नाही. सुईचे काम पुरुषाला नकोच होते, त्यामुळे बाईची मजुरी वाढली तर पुरुषाचे नुकसान नव्हते. उलट फायदाच होता, कारण स्वस्त मजूर कारखान्यात जितके कमी तितके मालकाला इतर कामे त्यांच्याकडे सरकवायचा मोह कमी. म्हणून डनिंग १८४९ मध्ये मेरी झगच्या बाजूने लिहू शकले आणि त्यांच्या वारसांनी १८७४ मध्ये पॅटर्सनबाईंना हात दिला. पण कातड्याच्या आणि सोन्याच्या कामावर बायकांनी हक्क सांगितला असता तर? १८७४ च्या सोसायटीने तो सांगितला नाही. पुरुषांचा पाठिंबा आणि कामाची जुनी वाटणी ही एकाच सौद्याची दोन अंगे होती. हा सौदा पॅटर्सनबाईंनी डोळे उघडे ठेवून केला असे मला वाटते. बारा वर्षांत तीस संघटनांपैकी बहुतेक बुडाल्या आणि ही टिकली, हे पाहता तो फार वाईट ठरला नाही. त्याची किंमत एवढीच, की पुढच्या पिढीतही बांधणीखात्यातली बाई सुईपाशीच राहिली.

वेगळे काही करता आले असते का? स्त्री-पुरुषांची एकच संघटना हा पर्याय कागदावर होता. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागावर बसणाऱ्या बायका पुरुषांच्याच संघटनांत होत्या आणि त्याच दरपत्रकाने मजुरी घेत. पण तिथे बायका संख्येने इतक्या होत्या की त्यांना वगळून संघटना उभीच राहिली नसती. लंडनच्या खिळ्यांच्या खोलीत तशी स्थिती नव्हती. दुसरा पर्याय संपाचा. लीगच्या देणगीदारांना तो मानवला नसता, आणि देणगीदार गेले असते तर कचेरीचे भाडेही निघाले नसते. १८८८ मध्ये ब्रायंट अँड मेच्या काड्यापेटी कारखान्यातल्या मुलींनी संप करून जिंकून दाखवला तेव्हा काळ पालटला होता, आणि पॅटर्सनबाई जाऊन दीड वर्ष झाले होते.

थॉमस पॅटर्सन १८८२ मध्येच गेले होते. त्यांचे मागे राहिलेले तत्त्वज्ञानाचे लेखन एमा यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. शेवटच्या वर्षांत प्रकृती खालावली तरी मासिकाचे संपादन, पत्रव्यवहार, सभा आणि दरसालची काँग्रेस सुटली नाही.

एडिनबरोच्या मुलींचे पुढे काय झाले तेही इथे नोंदवायला हवे. १८७२ च्या संपात आलेल्या मुलींची संख्या वाढत जाऊन विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहरात केसवर काम करणाऱ्या बायका आठशेच्या वर गेल्या.  १९१० मध्ये पुरुषांच्या संघटनेने मालकांकडून कबूल करून घेतले, की जून १९१६ पर्यंत एकही नवी मुलगी या कामात घेतली जाणार नाही. तेव्हा काही बायकांनी ‘वुई विमेन’ या नावाने एकत्र येऊन विरोध केला, तर काही पुरुषांच्या बाजूने राहिल्या. बंदी लागू झाली, आधीच्या बायका कामावर राहिल्या, आणि त्यांच्यामागून यायला कुणी नव्हते.